आनंददायी शनिवारातली 40 मिनिटं मुलांच्या प्रश्नांसाठी मोकळी ठेवा

प्रति,
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र, पुणे
तसेच राज्यातील सर्व गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापक

विषय: तिसरी ते आठवीच्या वर्गांत तात्त्विक चर्चेसाठी वेळ राखून ठेवण्याबाबत

सविनय नमस्कार.

2024 च्या शासन निर्णयानं पहिली ते आठवीच्या मुलांना आनंददायी शनिवार मिळाला. ताण कमी व्हावा, भावना हाताळता याव्यात, नाती सांभाळता यावीत, असा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात बऱ्याच शाळांत शनिवारी प्राणायाम, खेळ, चित्रं, कागदकाम होतं आणि भावनांचा विषय ‘रागावर ताबा ठेवावा’ अशा दहा मिनिटांच्या भाषणावर भागवला जातो. त्या भाषणानं कुणाचं काही बिघडत नाही, घडतही नाही.

आमची मागणी छोटी आहे. पंधरवड्याला एक तास द्या, तोही दोन तुकड्यांत: एका शनिवारी 20 मिनिटं, पुढच्या शनिवारी 40. त्या वेळात मुलांनी गोल बसून, स्वतःच काढलेल्या एखाद्या प्रश्नावर एकमेकांशी बोलावं. ‘शूर माणसाला भीती वाटते का?’, ‘एकटं असणं आणि एकटं वाटणं एकच का?’, ‘मैत्रिणीचं गुपित फोडणं कधी बरोबर असतं?’ असे हे प्रश्न. शिक्षकानं उत्तर द्यायचं नाही आणि शेवटी तात्पर्य सांगायचं नाही. ही शेवटची अट सगळ्यात अवघड आहे. घोडं अडतं ते तिथंच.

ही पद्धत नवी नाही. अमेरिकेतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मॅथ्यू लिपमन यांनी 1974 मध्ये न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर इथे मुलांच्या तत्त्वज्ञानासाठी संस्था काढली, तेव्हापासून ती अनेक देशांत रुजली. तिच्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. स्कॉटलंडमध्ये क्लॅकमननशर इथल्या शाळांत आठवड्याला एक तास, असा 16 महिने प्रयोग झाला. मुलांची तर्कक्षमता वाढल्याचं आणि दोन वर्षांनंतरही ती टिकल्याचं त्यात दिसलं. इंग्लंडमधल्या 48 प्राथमिक शाळांच्या चाचणीत (2015) वाचन आणि गणितात मुलं साधारण दोन महिन्यांच्या अभ्यासाइतकी पुढे गेलेली आढळली. मग जवळपास 200 शाळा घेऊन मोठी चाचणी झाली, तिचा अहवाल 2021 मध्ये आला आणि त्यात गुणांमध्ये फरक दिसला नाही. शिक्षकांना मात्र मुलांच्या बोलण्यात आणि ऐकून घेण्यात फरक जाणवला होता. म्हणून विनंती अशी की, संकलित चाचणीतले गुण वाढतील असं आश्वासन देऊन हा उपक्रम कुणाच्या गळ्यात मारू नका. गुण वाढले नाहीत की तो बंद पडेल, आणि जे मिळत होतं तेही जाईल.

मिळतं ते असं. राग, चीड, हेवा, अपमान हे सगळं मुलाच्या तोंडी एकाच ‘मला राग आला’मध्ये कोंबलेलं असतं. ‘हेवा वाटणं आणि अन्याय झाल्यासारखं वाटणं यांत फरक काय?’ यावर वीस मिनिटं बोललेल्या मुलाला पुढच्या वेळी आपल्याला नेमकं काय होतंय हे ओळखायला शब्द सापडतात. दुसरं म्हणजे, म्हणणं खोडलं गेलं तरी दोस्ती तुटत नाही, याचा अनुभव येतो. हा अनुभव मोठ्यांनाही दुर्मीळ झालाय, ते सोडा. तिसरं, आपलं बोलणं कुणीतरी लक्षात ठेवून ‘ही मघाशी म्हणाली ना, त्यावरून’ असं म्हणतं, तेव्हा मागच्या रांगेतल्या पोरीलाही आपण वर्गात आहोत असं वाटतं. हा उपचार नव्हे. ज्या मुलाला समुपदेशनाची गरज आहे, त्याची गरज या तासानं भागत नाही.

आता कृतीकडे.

पहिल्या शनिवारच्या 20 मिनिटांत गोष्ट आणि प्रश्न. गोष्ट ऐकीव असली तरी चालते, नवी पुस्तिका छापायची गरज नाही. बालभारतीतला धडा चालतो, ससा-कासव तर उत्तमच. फक्त ससा झोपतो आणि कासव त्याच्याजवळून जातं तिथं थांबायचं. पुढचं सगळ्यांना पाठ आहे, तरी सांगायचं नाही, कारण शेवट आला की त्याच्या मागून बोध येतो आणि बोध आला की विचार थांबतो. मग तिघातिघांचे गट करून प्रत्येक गटानं एक प्रश्न कागदाच्या पट्टीवर लिहायचा. 45 च्या वर्गात पंधरा पट्ट्या होतात, त्या जमिनीवर मांडून मुलांनीच त्यांचे चार ढीग करायचे.

‘ससा कुठं झोपला होता?’ याचं उत्तर गोष्टीत आहे. ‘कासव एका तासात किती चालतं?’ याचं उत्तर पुस्तकात किंवा माहितगाराकडे मिळेल. ‘ससा घरी गेल्यावर काय म्हणाला असेल?’ इथं कल्पना लढवायची. आणि ‘कासवानं सशाला उठवायला हवं होतं का?’ हा चौथ्या ढिगातला प्रश्न. याचं उत्तर कुठं लिहिलेलं नाही, पण म्हणून काहीही उत्तर चालत नाही, कारण द्यावं लागतं. चर्चेसाठी निवड याच ढिगातून, डोळे मिटून हात वर करून. डोळे मिटायचे कारण उघड्या डोळ्यांनी मुलं मॉनिटरच्या हाताकडे बघून हात वर करतात.

पहिल्या तीन-चार वेळा चौथ्या ढिगात एकही पट्टी पडत नाही. मुलं स्वाध्यायातले प्रश्न लिहितात, कारण आजवर त्यांनी प्रश्न म्हणून तेच पाहिलेले असतात. तेवढ्या वेळा शिक्षकानं स्वतःचा एक प्रश्न ढिगात टाकला तरी चालेल.

दोन टप्प्यांत आठवड्याचं अंतर ठेवण्यामागे सोय आहे. निवडलेला प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर राहतो, मुलं घरी विचारतात आणि शिक्षकाला चार-पाच उपप्रश्न काढून ठेवता येतात. वरच्या प्रश्नासाठी ते असे होतील: मदत न करणं म्हणजे वाईट वागणं का? प्रतिस्पर्धी मित्र असू शकतो का? समोरच्याची चूक झाली की आपली जबाबदारी संपते का? तयारी एवढीच. लेखी टाचणाची गरज नाही, आणि ते मागूही नये.

दुसऱ्या शनिवारची 40 मिनिटं साधारण अशी जातात: बसायला आणि प्रश्न पुन्हा वाचायला 4, शेजाऱ्याशी जोडीनं बोलायला 5, चर्चेला 22, शेवटच्या एकेक वाक्याला 5, आणि ‘आज आपण कसं बोललो?’ याला 4. यातली जोडीची पाच मिनिटं कापायचा मोह होतो, ती कापू नका. लाजाळू मूल सगळ्यांसमोर पहिल्यांदा बोलतं ते आधी शेजाऱ्यापाशी घासून पाहिलेलं वाक्यच.

बसायला सतरंजी, खाली गोल, आणि शिक्षकही त्याच वर्तुळात खालीच. खुर्चीवर बसलेल्या बाईंकडे बघून मुलं बोलतात, खाली बसलेल्या बाईंशेजारी ती एकमेकांकडे बघून बोलतात. 24 पर्यंत एक वर्तुळ जमतं. त्याहून जास्त मुलं असतील तर आत 20-22 आणि बाकीची बाहेरच्या वर्तुळात, प्रत्येकाचा एक जोडीदार आत. अकरा मिनिटांनी अदलाबदल. बाहेरच्यांना काम नसेल तर ती कुजबुजतात, म्हणून त्यांच्याकडे कागद द्या: कुणी कारण दिलं, कुणी दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेला, एवढ्याच खुणा. फ्रान्समध्ये मिशेल तोझी यांनी यासाठी मुलांना नेमून कामं देण्याची रीत बसवली आहे: एक मूल पाळी देतं, एक मघाचं बोलणं आपल्या शब्दांत सांगतं, एक शेवटी गोळाबेरीज मांडतं. सहावी-सातवीला ती छान जमते, तिसरीला नाही. जागा शक्यतो स्वयंपाकघरापासून लांबची घ्या. खिचडीचा वास सुटला की कुठलंही तत्त्वज्ञान टिकत नाही.

द्विशिक्षकी शाळेत तिसरी ते पाचवी एकत्र घ्यावी लागते. तिथं धाकट्यांनी आधी बोलायचं असा नियम ठेवा, नाहीतर तिसरीची मुलं पाचवीची री ओढतात. पहिली-दुसरीसाठी एक चित्र, एक प्रश्न आणि पंधरा मिनिटं पुरेत. घरी अहिराणी, पावरी, कोरकू, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलांना त्या भाषेत बोलू द्या, शेजारचं मूल मराठीत सांगेल. प्रमाण मराठीत वाक्य जुळवण्यातच डोकं गुंतलं तर विचाराला जागा उरत नाही.

चर्चा कशी चालते त्याचा नमुना म्हणून पाचवीच्या वर्गातली चार मिनिटं डोळ्यांसमोर आणा. एक मुलगा म्हणतो, “उठवायचं कशाला? शर्यत आहे.” दुसरी म्हणते, “उठवलं असतं तर कासव चांगलं ठरलं असतं.” इथं हात शिवशिवतात. शिक्षकाला ‘शाब्बास’ म्हणायचं असतं. तो म्हणत नाही, विचारतो, “चांगलं म्हणजे?” ती गप्प होते. पाच सेकंद जातात. तिसरा बोलतो, “त्यानं सशाला फसवलं नाही ना. ससा आपला आपण झोपला.” शिक्षक: “फसवलं नाही, म्हणजे चांगलं वागलं, असं म्हणतोस का?” “नाही… म्हणजे वाईट नाही वागलं.” कोपऱ्यातून आवाज येतो, “वाईट नाही म्हणजे चांगलं असं नसतं. मधलं पण असतं.” मग पहिला मुलगा, जरा चिडूनच: “परीक्षेत माझं पेन बंद पडलं तर तू देशील?” “देईन.” “मग मी पहिला आलो तर?” हशा. आणि मग खरी शांतता, कारण आता प्रश्न कासवाचा राहिलेला नसतो.

गोष्टीवरून स्वतःच्या वर्गातल्या गोष्टींकडे मुलं अशी आपल्या पायांनी येतात. त्यांना तिथं ओढून नेलं तर ती सावध होतात. काल झालेलं भांडण चर्चेला घेऊ नका असं आम्ही म्हणतो ते यासाठीच. वर्तुळाची पंचायत होते, एक आरोपी, बाकी सगळे पंच. भांडण वेगळं मिटवा, आणि दोन-तीन आठवड्यांनी ‘सॉरी म्हटलं की झालं का?’ हा प्रश्न येऊ द्या.

शिक्षकाची हत्यारं मोजकी आहेत. म्हणजे नेमकं काय? असं का वाटतं? नेहमीच का? उलटं एखादं उदाहरण आहे का? तिचं म्हणणं आधी तुझ्या शब्दांत सांग, तिला पटलं की मग तुझं सांग. आणि गप्प राहणं. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्ग तपासले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात असं त्यांना दिसलं. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. ज्यांना गप्प बसणं अगदीच जमत नाही, त्यांनी फ्रान्समधलेच मानसशास्त्रज्ञ झाक लेव्हिन यांची रीत करून पाहावी: प्रश्न मांडायचा आणि पुढची दहा मिनिटं शिक्षकानं एक शब्दही बोलायचा नाही. मुलं पहिल्यांदा भांबावतात, बाईंकडे बघतात, मग एकमेकांकडे बघायला लागतात.

पाच हुशार मुलांनीच मैदान मारलं तर प्रत्येकाला दोन चिंचोके द्या. बोललं की एक मध्ये टाकायचा, संपले की ऐकायचं. यात खोट एक आहे: काही मुलं पहिल्या दोन मिनिटांत चिंचोके उधळून मोकळी होतात आणि मग खिडकीबाहेर बघतात. म्हणून हा खेळ दर वेळी नको, तिसऱ्या-चौथ्या तासाला एकदा. ज्याचे दोन्ही चिंचोके हातात राहिले त्याला ‘तू का नाही बोललास?’ असं सगळ्यांदेखत विचारू नका. न बोलण्याचा हक्क पहिल्या दिवशीच सांगितलेला असावा.

सगळ्यात जास्त वेळा चर्चा मरते ती गोड बोलण्यानं. ‘खोटं कधी बोलू नये’, ‘सर्वांशी प्रेमानं वागावं’ असा परिपाठात मुरलेला पाढा मुलं वाचतात, कारण शाळेत मोठ्यांना हेच आवडतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यावर खेकसू नका, प्रसंग द्या: आजी खूप आजारी आहे, तिनं आवडीनं विणलेला स्वेटर तुला अजिबात आवडला नाही, तिनं विचारलं, तर? उलट दिशेलाही खड्डा आहे. ‘सगळ्यांचंच बरोबर’ असं म्हणून शिक्षक वाद मिटवतो, आणि विचार करण्याचं कारणच संपतं. दोन म्हणणी एकत्र खरी असू शकतात का, एवढं विचारलं तरी चर्चा पुन्हा उभी राहते. कुणाला दुखावणारं, जातीवरून किंवा घरावरून बोललेलं वाक्य मात्र ‘हेही एक मत’ म्हणून सोडायचं नाही. तिथं शिक्षकानं स्पष्ट थांबवायचं: इथं म्हणण्यावर बोलायचं, माणसावर नाही.

आणि तात्पर्य. तास संपताना उत्तर मिळालेलं नसतं, मुलं विचारतात, “मग बरोबर काय, सर?” इथं सांगून टाकलं की मुलांना कळतं, मघाचा सगळा खेळ लुटुपुटूचा होता, खरं उत्तर सरांच्या खिशात होतं. पुढच्या वेळी ती विचार करत नाहीत, खिशातलं उत्तर ओळखायचा प्रयत्न करतात. त्याऐवजी प्रत्येकानं एक वाक्य बोलावं: आज माझं काय बदललं, किंवा काय पटलं नाही. ‘काहीच बदललं नाही’ हेही चालतं. ‘उरलेला प्रश्न’ म्हणून एक ओळ वहीत लिहून तास बंद करावा.

एका बाबतीत मात्र शिक्षकानं तटस्थ राहायचं नाही. गुपित, भीती, शिक्षा अशा विषयांवर बोलताना एखादं मूल घरातलं किंवा शेजारातलं काही सांगून जातं. वर्तुळात त्यावर एकही प्रश्न विचारू नका. “हे तू सांगितलंस ते बरं केलंस, आपण दोघं नंतर बोलू,” म्हणून चर्चा दुसरीकडे वळवा आणि त्याच दिवशी एकट्यानं, शांतपणे ऐकून घ्या. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही: लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर पोक्सो कायद्याच्या 19 व्या कलमानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक वर्गात लावलेला असावा, आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेली शाळेची सखी सावित्री समिती कागदावर न राहता तिच्यातल्या किमान एका सदस्याचं नाव मुलांना माहीत असावं.

आता तुमच्या हातात असलेल्या गोष्टी.

या तासाचा अहवाल, फोटो, लिंक, व्हिडिओ काहीही मागू नका. वर्तुळात मोबाइल वर धरला गेला की मुलं फोटोसाठी बोलतात. तालुकास्तरीय ‘विचारगप्पा स्पर्धा’ भरवू नका. स्पर्धा आली की पाठांतर आलं, आणि तीन परीक्षक आले. समग्र प्रगतिपत्रकात यासाठी श्रेणी देऊ नका. वर्णनात्मक नोंदीत एखादं वाक्य पुरे, तेही ‘इतरांच्या मताला कारण देऊन उत्तर देते’ असं दिसणाऱ्या वागण्याबद्दल, ‘विचारी आहे’ असं स्वभावाबद्दल नको.

काम चाललंय की नाही हे बघायला शिक्षकाच्या वहीत पाच रकाने पुरतात: किती वेगळी मुलं बोलली, किती वेळा ‘कारण’ आलं, किती वेळा कुणी दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेला, कुणी मत बदललं का, आणि शिक्षक स्वतः किती बोलला. शेवटचा रकाना भरायला महिन्यातून एकदा दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण शिक्षकानं स्वतःपुरतं ऐकावं आणि पुसून टाकावं. सुरुवातीला बहुतेकांचा स्वतःचाच आवाज निम्म्याहून जास्त निघतो. सहा तासांनंतर तो तिसऱ्या हिश्श्यावर आला तर गाडी रुळावर आहे.

प्रशिक्षणासाठी तीन दिवसांचं निवासी शिबिर आणि पॉवरपॉइंट नको. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत दीड तास द्या. पहिल्या परिषदेत शिक्षकांनीच वर्तुळात बसून ‘शिक्षा आणि न्याय’ यावर चर्चा करावी, मुलांना काय होतं ते त्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या परिषदेपासून एका शिक्षकानं आपल्या वर्गाचा तास घ्यावा, बाकीच्यांनी बाहेरच्या वर्तुळात बसून वरचे रकाने भरावेत, मग अर्धा तास बोलावं. प्रत्येक केंद्रात इच्छुक असे चार-पाच शिक्षक आधी घ्या, सक्ती करू नका. सक्तीनं घेतलेला हा तास म्हणजे नवं भाषण होतं, जुन्यापेक्षा दहा मिनिटांनी लांब.

भेटीबद्दल एक विनंती. नव्या वर्गाच्या पहिल्या चार तासांना कुणी अधिकाऱ्यांनी जाऊ नये. पाचव्यापासून जरूर यावं, पण बाहेरच्या वर्तुळात खालीच बसावं, मुलांनी उभं राहून नमस्ते म्हणायची वाट पाहू नये, आणि तास संपल्यावर मार्गदर्शनपर दोन शब्द सांगू नयेत. मुलांनी तुम्हाला काही विचारलं तर मात्र उत्तर द्यावं, आणि त्याचं कारणही सांगावं.

आपले,
वर्गांत मुलांसोबत तात्त्विक चर्चा घेणारे काही शिक्षक आणि प्रशिक्षक